वाशीतली चार दिवसांची महासभा

साताऱ्याहून निघालेली एसटी कळंबोली ओलांडून सायन-पनवेल रस्त्याला लागली, की आमच्याकडच्या माणसांचे हात वरच्या फळीवरच्या पिशव्यांकडे जातात. निम्मी गाडी वाशीलाच उतरणारी असते. जावळी, पाटण, कोरेगाव या तालुक्यांतल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी म्हणून राबलेला आहे. माझा चुलतभाऊही त्यांतलाच. तो कोपरखैरण्याला राहतो. म्हणून वाशी माझ्या ओळखीची. पण २०२५च्या मे महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्यात मी गेलो, ते वेगळ्याच कामासाठी.

वाशीतल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकमित्राने नववीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी चार दिवसांचे सुट्टीतले शिबिर ठरवले होते. मुलांनी पक्ष काढायचे, निवडणूक लढवायची, महापौर निवडायचा आणि शेवटच्या दिवशी महासभा चालवायची. मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. या विषयाला शाळेत किती कमी तास मिळतात आणि दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांच्या पेपरात तो कसा उरकला जातो, हे मी आयुष्यभर पाहिले. त्यामुळे त्याचा निरोप आला, त्याच संध्याकाळी मी पिशवी भरली.

अशा शिबिरांचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत चालतो. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेने १९३५ साली इलिनॉय राज्यात ‘बॉइज स्टेट’ सुरू केले. माध्यमिक शाळेचे एक वर्ष शिल्लक असलेली मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभर एकत्र राहतात, दोन काल्पनिक पक्षांत विभागली जातात आणि नगरापासून राज्यपालापर्यंतची सगळी पदे निवडणुकीने भरतात. तिथला राज्यपाल हा लोकांनी निवडलेला राज्याचा कारभारी असतो, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. युरोपात हुकूमशहा पोरांना गणवेश चढवून रांगेत उभे करत होते, त्या काळात मुलांना मतपेटीची सवय लावावी, हा त्यामागचा विचार. याच उपक्रमाच्या राष्ट्रीय शिबिरातून १९६३च्या जुलैत व्हाइट हाउसवर गेलेल्या एका मुलाने राष्ट्राध्यक्ष केनेडींशी हस्तांदोलन केले. तो मुलगा म्हणजे बिल क्लिंटन.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे आणि त्याचे एक टोक मुंबईला बांधलेले आहे. १९६२ साली मुंबईत चौथी अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली. शाळा-महाविद्यालयांत अभिरूप संसद भरवावी, अशी शिफारस तिने केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत युवा संसद स्पर्धा सुरू झाल्या. २०१९च्या संविधान दिनी, २६ नोव्हेंबरला, संसदीय कार्य मंत्रालयाने ही योजना पोर्टलवर आणून सर्व मान्यताप्राप्त शाळांना खुली केली. नववी ते बारावीच्या मुलांच्या बैठकीला तिथे ‘किशोर सभा’ असे नाव आहे. माझ्या मित्राने तिचाच साचा घेतला, फक्त संसदेच्या जागी महापालिका ठेवली. त्याचे म्हणणे असे, की पोरांना दिल्ली टीव्हीवर दिसते, गटार मात्र दारात दिसते.

पहिल्या दिवशी शाळेच्या सभागृहात ५१ मुले बसली होती. मित्राने फळ्यावर वाशीचा नकाशा काढला आणि विचारले, “यातलं कुणाचं काय?” नळाचे पाणी महापालिकेचे. खालापूरकडचे मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचे आहे, हे तीनच मुलांना ठाऊक होते. जमिनीचा मोठा हिस्सा १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोचा. घाऊक बाजार कृषी उत्पन्न बाजार समितीचा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने एमआयडीसीच्या हद्दीत. लोकल मध्य रेल्वेची. ज्या शहरात आपण जन्मलो ते इतक्या जणांच्या हातात आहे, हे फळ्यावर पाहून मुले गप्प झाली. तक्रार कोणाकडे करायची हे कळणे हा नागरिक होण्याचा पहिला धडा, आणि तो पहिल्या तासालाच झाला.

मग चिठ्ठ्या टाकून दोन पक्ष पडले. वाशीच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, म्हणून मुलांनी ‘खाडी पक्ष’ आणि ‘डोंगर पक्ष’ अशी नावे घेतली. खऱ्या पक्षांची नावे, खऱ्या नेत्यांचा उल्लेख आणि जातीचा शब्द शिबिरात चालणार नव्हता. आयुक्त आणि सचिव निवडणुकीने ठरले नाहीत. त्यांच्यासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत झाली, कारण प्रत्यक्षातही अधिकारी नेमला जातो आणि लोकप्रतिनिधी निवडला जातो. उरलेले ४९ नगरसेवक झाले. महाराष्ट्रात महापौराला नगरसेवक निवडतात, त्याची मुदत अडीच वर्षांची असते आणि स्थायी समितीत १६ सदस्य असतात, हे सगळे मुलांनी पाठ न करता करून पाहिले.

मतपेटी म्हणजे हापूसची लाकडी पेटी होती. झाकणाला करवतीने फट पाडलेली, बाजूला खाकी कागद, त्यावर लाखेची मोहोर. आतला गवताचा वास गेलेला नव्हता. प्रत्येक मुलगा पडद्याआड जाऊन चिठ्ठीवर फुली मारी, तिची दोनदा घडी घाली आणि पेटीत टाकून परत येई. मोजणीच्या वेळी सचिव झालेला मुलगा एकेक चिठ्ठी उलगडून आधी दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवायचा आणि मगच मोठ्याने वाचायचा. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खाडी पक्षाचा उमेदवार २६ विरुद्ध २३ मतांनी महापौर झाला. हरलेला मुलगा क्षणभर खाली बघत राहिला, मग उठला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने महापौराचा हात हातात घेतला. तो विरोधी पक्षनेता झाला. मला वाटते, त्या संध्याकाळी त्या सभागृहात सर्वांत अवघड काम त्याने केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही बाजारात होतो. प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न लागतात आणि प्रश्न घरात बसून सुचत नाहीत. वाशी-तुर्भ्याच्या या आवारात पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य. मुंबईच्या ताटात जे पडते, त्यातले पुष्कळसे आधी इथे उतरते. रात्री वळवाची सर येऊन गेली होती. रस्ता ओला, त्यावर कोबीची पाने आणि पिवळ्या दिव्यांखाली ट्रकमागे ट्रक. कांद्याच्या गाळ्यापाशी माझ्या भावाच्या ओळखीचे एक माथाडी गोणी खाली उतरवून घाम पुसत होते. मुलांनी त्यांना गराडा घातला.

“काका, तुमचं गाव कुठलं?”

“जावळी. ह्यास्नी इचारा,” माझ्याकडे हात करून ते म्हणाले, “आमच्याच तिकडचे हैत.”

“एका गोणीत किती किलो असतात?”

“पन्नासच्या वर नको, असं आम्ही कवाधरनं सांगतोय,” असे म्हणून त्यांनी खांद्यावरचा आकडा मुलांच्या हातात दिला. लाकडी मूठ, पुढे वाकवलेले टोकदार लोखंड, मुठीला तळहाताचा घट्टा पडून आलेली चकाकी. तो आकडा ५१ हातांतून फिरून त्यांच्याकडे परत गेला.

तिथेच उभे राहून मी मुलांना १९६९चा माथाडी कायदा सांगितला. अण्णासाहेब पाटील यांनी विखुरलेल्या हमालांना एकत्र केले आणि त्या लढ्यातून हा कायदा आला. त्याआधी हमालाला ठरलेला मालक नव्हता, म्हणून ठरलेली मजुरी नव्हती आणि म्हातारपणाची सोयही नव्हती. कायद्याने माथाडी मंडळे आणली. त्यांत कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी बसतात, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि भविष्य निर्वाह निधीची तरतूद होते. मुले त्या माणसाकडे पाहत होती. कायदा म्हणजे पुस्तकातला परिच्छेद, अशी त्यांची समजूत होती. इथे तो कांद्याची गोणी घेऊन समोर उभा होता. माझ्या भावाचे कोपरखैरण्याचे घर आणि त्याच्या पोरीचे शिक्षण त्याच कायद्याच्या आधारावर उभे आहे, हे सांगताना माझा आवाज जड झाला.

तिसऱ्या दिवशी लोकलने बेलापूर. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स-दारावे आणि मग सीबीडी बेलापूर. ९ मे १९९२ रोजी खाडी ओलांडून पहिली लोकल वाशीला आली, तेव्हा मुंबई खऱ्या अर्थाने इथे पोचली. महापालिकाही त्याच वर्षीची, १ जानेवारी १९९२ पासून कारभार सुरू झालेली. पाम बीच रस्त्याच्या टोकाला तिचे मुख्यालय आहे. शिक्षकांनी आधीच परवानगी घेतली होती. मुलांना सर्वांत उत्सुकता होती ती सभागृहाची. दार उघडले गेले. आत रांगेने खुर्च्या, समोर पीठासन आणि शांतता.

नवी मुंबईची शेवटची निवडणूक २०१५ साली झाली होती आणि १११ नगरसेवक निवडून आले होते. त्यांची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी करोना आला, नंतर इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद न्यायालयात गेले आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. पाच वर्षे. नळाला पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, अधिकारी काम करत होते, हे मी मुलांना आवर्जून सांगितले. पण कुठल्या रस्त्यावर किती खर्च करायचा, यावर भर सभेत उभे राहून प्रश्न विचारणारा आणि पुन्हा त्याच गल्लीत मते मागायला जावे लागणारा माणूस त्या खुर्च्यांवर नव्हता.

संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने शहरांच्या स्वराज्याला घटनात्मक स्थान दिले. १ जून १९९३ पासून ती लागू आहे. तिच्यातले २४३-यू कलम सांगते, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षे आणि पुढची निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. आयुक्त झालेल्या मुलाने वहीत हे कलम उतरवून घेतले आणि विचारले, “सर, मग हे असं कसं चाललं?” दोनच आठवड्यांपूर्वी, ६ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार आठवड्यांत जाहीर करण्याचा आदेश दिला होता. त्या बातमीचे कात्रण मी सोबत आणले होते. मी ते त्याच्या हातात दिले. त्याने ते त्याच पानाला टाचणीने लावले.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला महासभा सुरू झाली. महापौर पीठासनावर, उजवीकडे आयुक्त, समोर सचिव, दोन बाजूंना दोन पक्ष. प्रेक्षकांत पालक आणि मागच्या रांगेत ड्यूटी संपवून आलेले दोन माथाडी. प्रश्नोत्तराच्या तासात पहिला प्रश्न बाजारातल्या हमालांच्या विश्रांतीगृहांबद्दल होता. आयुक्ताने उठून उत्तर दिले, “हा विषय बाजार समितीच्या अखत्यारीत येतो. महापालिका तिला पत्र पाठवील आणि त्याची प्रत सभागृहाला देईल.” पहिल्या दिवशीचा फळ्यावरचा नकाशा मुलांच्या डोक्यात शिल्लक होता.

मग वाशी गावातला एक आगरी मुलगा ठरावासाठी उभा राहिला. विषय होता गरजेपोटी बांधलेल्या घरांचा. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे सगळे तो कागदाशिवाय बोलला. शेवटी म्हणाला, “सेक्टरमध्ये राहणाऱ्यांनी घर विकत घेतलं. आमच्या आजोबांनी शेत दिलं आणि त्याच मातीत वाढत्या कुटुंबासाठी खोली बांधली. दोघंही याच शहराचे नागरिक आहेत. सभागृहाने आमच्याकडे तसंच बघावं.” सेक्टरमधल्या बहुसंख्य मुलांनी हे पहिल्यांदाच ऐकले असणार. ठराव एकमताने मंजूर झाला.

दुपारचा विषय मात्र कसोटीचा निघाला. खाडी पक्षाने प्रस्ताव आणला, की सेक्टरमधल्या मैदानाच्या कडेला रात्री १० ते सकाळी ६ बाजारातले ट्रक उभे करू द्यावेत. डोंगर पक्ष मैदानाच्या बाजूने. दोन्ही प्रतोदांनी पक्षादेश काढले. चर्चा तापली. एका माथाडीचा मुलगा डोंगर पक्षात होता. तो म्हणाला, की नाशिकहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला चार तास पाठ टेकायला जागा हवी, म्हणून मी पक्षादेश मोडतो. खाडी पक्षातलाही एक जण फुटला, कारण तो त्याच मैदानावर धावण्याचा सराव करत होता. मतदान झाले: बाजूने २४, विरोधात २४.

सगळे महापौराकडे बघू लागले. समसमान मते पडली की पीठासीन व्यक्तीला निर्णायक मत असते. प्रस्ताव त्याच्याच पक्षाचा होता. त्याचे मित्र टेबलावर बोटे वाजवत होते. त्याने समोरचा पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला आणि उभा राहिला. ब्रिटिश संसदेत एकोणिसाव्या शतकापासून एक संकेत चालत आला आहे: सभागृहाचे बहुमत नसताना अध्यक्षाने आपल्या मताने नवा बदल लादू नये. आदल्या संध्याकाळी मित्राने तो सहज बोलता बोलता सांगितला होता.

“बरोबरी झाली याचा अर्थ सभागृहाचं अजून ठरलेलं नाही,” मुलगा म्हणाला. “म्हणून माझं मत प्रस्तावाच्या विरोधात. मैदान आहे तसं राहील. सन्माननीय सदस्यांनी ट्रकसाठी दुसरी जागा शोधून विषय पुन्हा आणावा.”

त्याच्या पक्षातली चार-पाच मुले रुसली. पण अर्ध्या तासाने पन्ह्याचे पेले घेऊन तीच मुले त्याच्याभोवती उभी होती आणि उड्डाणपुलाखालची जागा चालेल का, यावर आयुक्ताशी हुज्जत घालत होती. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या माणसांपेक्षा नियम मोठा मानता आला आणि त्याच्या माणसांना ते पचवता आले. हे पाठ्यपुस्तकाने शिकवता येत नाही. त्यासाठी खुर्ची द्यावी लागते, पेच द्यावा लागतो आणि मोठ्यांनी मागे बसून गप्प राहावे लागते.

एक उणीव मी मित्राला निरोप घेताना सांगितली आणि त्याने ती मान्य केली. त्याने मुलींची तुकडी पुढच्या आठवड्यात वेगळी ठेवली होती. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मग नुसत्या मुलांची महासभा म्हणजे अर्धी महासभा. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांची शेवटची सभा एकत्र झाली पाहिजे.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. या शिबिराला एक सभागृह, एक आंब्याची पेटी, लोकलची तिकिटे आणि चार दिवस इतकेच लागले. किशोर सभेची नोंदणी कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेला करता येते, त्यासाठी ५०-५५ मुले पुरतात आणि बैठक तासाभराची असते. आपल्या महाविद्यालयांतल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद पडल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी आजच्या बहुतेक मुलांच्या आयुष्यातली पहिली मतपेटी थेट अठराव्या वर्षी येते. ती त्याआधी यावी. हरायची, मोजायची आणि प्रश्न विचारायची सवय त्या वयात लागली, तर ती टिकते.

नवी मुंबईसह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्या दिवशी संध्याकाळी मला वाशीहून एक फोन आला. आयुक्त झालेला तो मुलगा होता. त्याला अजून मताचा अधिकार नाही. तो आजीला हाताला धरून मतदान केंद्रावर घेऊन गेला होता, एवढेच सांगायला त्याने फोन केला होता.